एक जीव सोडून

हात आधी जोडले गेले, आणि समोर कोण उभं आहे ते उत्तमचंदला मागाहून दिसलं. पर्युषण संपलं होतं, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. जालन्यातल्या त्याच्या पेढीवर माणसांची रीघ लागली होती. कालचा दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता, आज मुगाचं पाणी घेऊन उपवास सोडलेला, त्यामुळे डोकं हलकं झालं होतं आणि गादीवर बसल्या बसल्या पेढीचे खांब किंचित पुढेमागे होत होते. माणसं येत होती, हात जोडत होती, 'खमतखामणा' म्हणत होती. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, तुम्हालाही केली, एवढा त्या एका शब्दाचा पसारा. तोही हात जोडून तेच म्हणत होता. सुगनचंद आला. कापसाच्या लिलावात गेलं वर्षभर त्याने उत्तमचंदच्या वाटेत काटे पेरले होते, आणि आता त्याचे डोळे ओले होते. तेही खरं असेल. या दिवशी समोरच्याचा चेहरा बघायची गरज नसते. शब्द कानावर आला की हात उठतात, जीभ वळते, आणि मन आपलं भलतीकडेच कुठेतरी असतं. अशा वेळी 'शेटजी, खमतखामणा' असा जाडा, घोटलेला आवाज आला. उत्तमचंद म्हणाला, 'खमतखामणा.' मग त्याने वर पाहिलं. पांढरी कडक टोपी, कानात अत्तराचा फाया, पोट सुटलेलं. घनसावंगीकडचा जमीनदार काकासाहेब त्याच्यासमोर हात जोडून उभा होता आणि हसत होता.

"झालं मंग," काकासाहेब म्हणाला. "म्या म्हटलं, तुमच्या धर्माच्या दिवशीच जावं. शेटजी काय आजच्या दिवशी न्हाई म्हणायचे न्हाईत." मग तो पेढीवरच्या लोकांकडे वळला. "ऐकलं ना समद्यांनी? शेटजीनं आपल्याला माफ केलं. नऊ वर्सांचं मिटलं बघा." लोक वा वा म्हणाले. काय मिटलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण काहीतरी मिटलं म्हटल्यावर माणसांना बरं वाटतं. काकासाहेबाने ताटलीतली चिमूटभर खडीसाखर तोंडात टाकली, कडकन फोडली आणि जोडे घालून तो गेला. उत्तमचंदचे हात अजून जोडलेलेच होते. त्याने ते सोडवले. उजवा हात कुडत्याच्या खिशात गेला. खिशात काडेपेटी होती. जन्मात कधी बिडीला तोंड न लावलेल्या माणसाच्या खिशात, वरचं चित्र घासून पार पांढरी पडलेली एक काडेपेटी.

दर संवत्सरीला जैन स्थानकात प्रतिक्रमणाला बसला की एका जागी तो श्वास धरायचा. सगळ्या जीवांची क्षमा मागायची ती जागा. मातीतले जीव, पाण्यातले, वाऱ्यातले, डोळ्यांना न दिसणारे, पायाखाली गेलेले, दिव्यावर येऊन मेलेले, सगळ्यांना मी क्षमा करतो, सगळे मला क्षमा करोत. बाजूचे शंभर गळे एका सुरात ते म्हणत, आणि उत्तमचंद मनातल्या मनात म्हणे, एक जीव सोडून. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. कोणत्या मुनींना विचारलं असतं तर त्यांनी डोळे मिटून म्हटलं असतं, भाई, एकाला सोडलंस म्हणजे सगळ्यांनाच सोडलंस. बरोबरच होतं ते. पण मुनी वडीगोद्रीला नव्हते त्या वर्षी. बाकी माणसं उपवासाने पुण्य जोडतात, यानं त्या एका अपवादाने जोडलं होतं. वर्षभर अष्टमी-चतुर्दशी पाळणं सोपं. एका माणसाला माफ न करणं, आणि ते रोज, झोपेतून उठल्यापासून, न विसरता, रागाचा विस्तव विझू न देता पाळणं, त्याला ताकद लागते. बायकोला, धापूबाईला तेवढं माहीत होतं. दर दिवशी मळका कुडता धुवायला टाकताना ती काडेपेटी काढायची आणि धुतलेल्या कुडत्याच्या खिशात ठेवायची. तिने कधी काही विचारलं नव्हतं. तिच्या बोटांनाही तो नेमच झाला होता.

वडीगोद्रीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, आजोबांनी बांधलेलं कापसाचं गोदाम होतं, आणि गोदामाच्या पलीकडे विहिरीला धरून पिंजाऱ्यांची वस्ती. दोन पिढ्या ते लोक शेटजींचा कापूस पिंजत आले होते. गोदामाच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा होता. आत जाणाऱ्याने काडेपेटी, बिडी, चकमक, जे असेल ते त्या कोनाड्यात ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा आजोबांचा दंडक. हमालाने ठेवायचं, गाडीवानाने ठेवायचं, निजामाचा मोठा अंमलदार आला तरी त्यानेही ठेवायचं. इतकी वर्षं चाललं होतं हे की त्या दाराशी आल्यावर माणसाचा हात आपोआप खिशात जायचा. ज्याला बिडीचा नाद नव्हता तोही खिसा चाचपून घ्यायचा. पोलीस अॅक्शनच्या साली रझाकारांच्या धामधुमीत गाड्या बंद पडल्या आणि मागच्या हंगामाचा कापूस उचललाच गेला नाही, भादव्यापर्यंत तसाच छताला टेकून पडून राहिला. मग हिंदची फौज आली, रझाकारांचा सूड मुसलमान वस्त्यांवर निघायला लागला, आणि त्या कापसामागे मदार पिंजारी, त्याची बायको, पोरं, म्हातारी, सगळी वस्तीच्या वस्ती दडून बसली होती. मदारनेच येऊन सांगितलं होतं गोदाकाठच्या एका गावात काय झालं ते. घरं पेटवली ते सांगितलं. मग विहिरीचं सांगायला लागला आणि मधेच थांबला, आणि म्हणाला, "सेठ, तुम्ही पाणी गाळून पिता ना, तुम्हाला न्हाई सांगत." तेव्हापासून उत्तमचंद पाणी दोनदा गाळतो. धापूबाईला वाटतं, धर्म वाढला.

आणि त्या गावात पुढे कोण होता? काकासाहेब. वर्षभर ज्याच्या वाड्यावर रझाकार जेवून उठायचे, ज्याने त्यांना कोणाचं घर कुठलं, कोणाची लेक कुठे दडवलीय ते बोट दाखवून सांगितलं, तोच. फौज आली त्या दिवशी त्याने एक टोपी काढून दुसरी घातली. नव्या टोपीची निष्ठा दाखवायला त्याला कोणीतरी जाळायला हवं होतं, आणि वस्तीजवळच्या विहिरीवर आणि तिच्याखालच्या जमिनीवर त्याचा डोळा होताच. अशा माणसांना पाप आणि फायदा नेहमी एकाच वाटेवर कसे सापडतात, याचा उत्तमचंदला आजही संताप येतो. दुपारची वेळ होती. कुऱ्हाडी, तलवारी घेतलेली माणसं आवारात उभी राहिली. काकासाहेब म्हणाला, "शेटजी, आत बघू द्या." उत्तमचंद म्हणाला, "तुम्ही एकटे या. माणसं घातली तर कापूस तुडवतील." हे त्याला कसं सुचलं, देव जाणे. कापूस तुडवला जाईल ही भीती व्यापाऱ्याच्या तोंडी इतकी शोभून दिसली की काकासाहेबाने मान हलवली. आणि मग, उंबऱ्याशी, माणसांना जाळायला निघालेल्या त्या माणसाने खिशातून आपली काडेपेटी काढली आणि मुकाट्याने कोनाड्यात ठेवली. मागून आत येताना उत्तमचंदने ती उचलली, आणि दाराला आतून अडसर घातला.

ती जागा अजून त्याच्या अंगात आहे. गुडघ्याच्या वर आलेला कापूस, पाऊल टाकलं की खाली खाली जाणारा. वरच्या झरोक्यातून येणारा उजेडाचा एक पट्टा आणि त्यात तरंगणारे तंतू. नाकात, घशात, पापण्यांवर कापूस. थप्पीमागे एक मूल रडायला लागलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं. काकासाहेबाने तिकडे मान वळवली आणि हसला, आणि परत वळला तेव्हा उत्तमचंदच्या एका हातात काडेपेटी होती, दुसऱ्या हातात काडी, आणि काडीचं गूल पेटीच्या कडेला टेकलेलं होतं. "तू," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने काकासाहेबाला तू म्हटलं. "ओरडलास तरी ओढतो. हललास तरी ओढतो. मी मरेन, आतली मरतील, पण तू आधी." काकासाहेब कापसात खाली बसला. कापसावर ओला डाग पसरत गेला. "लेकराची आन, शेटजी," तो म्हणत राहिला, "लेकराची आन." उत्तमचंद म्हणाला, "आन नको. ऐक. जिवंत आहे तोवर मी तुला माफ करणार नाही. या वस्तीत नाही तर दुसऱ्या कुठल्या वस्तीत तू एक झोपडी पेटवलीस, तर तू असशील तिथं ही पेटी घेऊन येईन. ज्या दिवशी माफ करीन त्या दिवशी तू मोकळा." शेवटचं वाक्य कशाला बोलला तो? धमकीला कुठेतरी टोक द्यायचं म्हणून. कधीच करणार नाही हे ठसवायचं म्हणून. आणि मनात काय होतं? मनात गोड वाटत होतं. थप्पीमागच्या एकालाही न विचारता त्याने त्यांचे जीव पणाला लावले होते, ते मूलही त्यात होतं, आणि तरी त्या काडीच्या टोकाशी त्याचा सगळा जन्म पहिल्यांदा सरळ उभा राहिला होता. मुंगीला जपत वाकून चालणारा बनिया नाही, माणूस.

बाहेर येऊन काकासाहेब आपल्या माणसांना म्हणाला, आत नुसता कापूस आहे, आणि त्यांना घेऊन परतला. पुढची वर्षं त्या पेटीने राखली. तहसिलीत, कोणाच्या लग्नात, पंधरा ऑगस्टच्या झेंड्याखाली, जिथे काकासाहेब भेटे तिथे उत्तमचंद काही न बोलता काडेपेटी काढायचा, बोटांत एकदा फिरवायचा आणि परत ठेवायचा. काकासाहेबाचा चहा बशीत सांडायचा. लोकांना वाटे शेटजींना काहीतरी चाळा आहे. काकासाहेब मोठा होत गेला, सभेत पुढे बसायला लागला, भाषणं ठोकायला लागला, पण वस्तीकडे त्याचं पाऊल वळलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या वस्तीकडेही. वस्तीत मदारच्या पिंजणाची तात परत वाजायला लागली. कोणी विहिरीवर नवा रहाट बसवला. उत्तमचंद पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून जालन्याला आला, जिनिंगमध्ये भागीदार झाला, गोदाम एका तेलघाणीवाल्याला विकलं. विकताना कोनाडा त्याच्या मनातही आला नाही. पेटी खिशात होती ना.

"बरं झालं, सुटलात एकदाचे," धापूबाई त्या दुपारी म्हणाली. तिला बातमी पेढीवरून कळली होती. पाटावर ताट ठेवता ठेवता ती हसत होती, आणि इतक्या वर्षांत ती अशी हसलेली त्याला आठवेना. "तुम्ही झोपेत दात खाता, माहीत आहे? नऊ वर्षं ऐकतेय मी. आता नाही खाणार. उद्याच्या कुडत्यात ती पेटी ठेवू नको ना?"

"ठेव."

"आता कशाला? माफ केलंत ना?"

"मी नाही केलं," तो ओरडला. "तोंडाने केलं."

धापूबाई घाबरून त्याच्याकडे बघत राहिली. तोंडाने केलं म्हणजे काय, तिला कळेना. तिच्या लेखी त्या शब्दाला दुसरी जागाच नव्हती, आणि खरं तर त्याच्या लेखी तरी कुठे होती? मनात काय आहे हे जगाला कसं दाखवायचं? पेढीवर उभं राहून सांगायचं, मंडळी, काल मी क्षमा म्हणालो ती चुकून, मला त्या माणसाला जाळायचं आहे अजून? स्थानकात तर त्याचंच कौतुक चाललं होतं. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात त्याचं नाव घेऊन दाखला दिला गेला, श्रावक असावा तर असा, नऊ वर्षांचं वैर एका शब्दात विरघळवलं. शंभर डोळे त्याच्याकडे वळले. उत्तमचंद मान खाली घालून बसला, आणि लोकांना तो विनयही आवडला. काकासाहेबाने त्याचा धर्म त्याच्यापेक्षा नीट ओळखला होता. गोदामाच्या दाराशी काकासाहेबाचा हात जसा आपोआप खिशात गेला, तसेच याचे हात आपोआप जोडले जाणार, हे ताडायला त्या माणसाला नऊ वर्षं लागली, पण ताडलं त्याने. काय गाढव आहे मी. सगळा जन्म जीव जपण्यात घालवला आणि ऐन वेळी जिभेवर लक्ष नव्हतं.

मग बाजाराच्या दिवशी पुंजाराम आला. गोदामाचा जुना राखणदार, आता स्वतःची बैलगाडी हाकत होता. पेढीच्या पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शेटजी, पिंजारी सामान बांधून राह्यले," तो म्हणाला.

"काय केलं त्याने?"

"काकासाहेबानं? काय बी न्हाई. परवा आल्ता. इतक्या वर्सांत पयल्यांदा आल्ता. इहिरीच्या काठाला बसला, बिडी ओढली, मदारला म्हटला, शेटजीनं आपल्याला माफ केलं बरं का. अन् गेला. बस."

"मग सामान कशाला बांधतात?"

पुंजारामने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू शेटजीला हल्ली ऐकू कमी येतं. "आता काय आग लागायची वाट बघावी व्हय त्यांनी?"

एस.टी. अंबडला बराच वेळ थांबली. खिडकीतून उन्हाची तिरीप मांडीवर पडली होती, आणि शेजारचा माणूस बाजरीच्या पिशवीवर डोकं टेकून घोरत होता. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झाली होती, पिवळी फुलं आली होती. उत्तमचंद वाक्य जुळवत होता. मी माफी मागे घेतो. माझी माफी खरी नव्हती. पूर्वीचंच बोलणं कायम आहे. सगळी वाक्यं अर्जातल्यासारखी वाटत होती. त्या दिवशी गोदामात वाक्य जुळवावं लागलं नव्हतं, 'तू' म्हणताच पुढचं सगळं आलं होतं. आता तोंडात 'तू' येतच नव्हतं. त्याने खिशातली पेटी दाबून पाहिली. काड्या आत खुळखुळल्या. इतक्या वर्षांत त्याने एकही ओढून पाहिली नव्हती. आणि एका जागी, गाडी खड्ड्यातून उसळली तेव्हा, त्याच्या मनात आलं की आपल्याला वस्ती वाचवायची आहे की तो काडी धरलेला उत्तमचंद? हा विचार त्याला इतका ओंगळ वाटला की त्याने खिडकीबाहेर तोंड काढून वारा घेतला.

वस्तीत तीन गाड्या जुंपलेल्या होत्या. पिंजणं, घोंगड्या, कोंबड्यांचा झाप, दोऱ्यांनी आवळलेल्या पेट्या. एका गाडीवर ओठांवर नुकतीच लव फुटलेला एक पोरगा दोर ओढत होता. तोंड दाबलेलं ते मूल हेच असेल का? असेल. मदार पुढे आला. दाढी पांढरी झाली होती. त्याने उत्तमचंदचे दोन्ही हात हातात घेतले.

"सेठ, तुम्ही कशाला तकलीफ घेतली? दिल छोटं नका करू. इतके साल निघाले तुमच्या काडेपेटीवर, ते काय कमी हाये?"

"मदार, मी माफ केलेलं नाही. चुकून बोललो. थांबा तुम्ही."

मदारने जुंपलेल्या गाड्यांकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सेठ, खरं सांगू? त्या दिशी आम्ही कापसाच्या मागं होतो. तुमी बोलले ते समदं ऐकलं. माझ्या मायनं मरेपर्यंत ते बोलणं सांगितलं. म्हणायची, सेठ फरिश्ता हाये, पर त्यानं आम्हाला बी जाळलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उत्तमचंदला सहन होईना. "परभणीकडं मेव्हणा हाये. तिकडं जातो. जल्दी निघालं पाहिजे."

काकासाहेब विहिरीच्या काठावर बसलेला होता. रहाटाला पाठ टेकून, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन, आपल्याच शेतात बसल्यासारखा. उत्तमचंदला बघून तो उठलादेखील, अदबीने. माणसं नव्हती सोबत, कुऱ्हाड नव्हती, काही नव्हतं. "या शेटजी. बघा, म्या काय बी केलेलं न्हाई. कुणाला आडवं बोललो न्हाई. बिलकुल न्हाई."

"काकासाहेब, मी माफी परत घेतो."

काकासाहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. समजूत घालावी तशा आवाजात तो म्हणाला, "आसं कुठं आसतं व्हय? तुमच्या धर्मात तरी बसतं का ते? संवत्सरीचा शब्द हाये. समद्यांदेखत दिलेला."

उत्तमचंदने काडेपेटी काढली. काकासाहेबाची नजर तिच्यावर गेली, पण हात हलला नाही, डोळा लवला नाही. चारी बाजूंना ऊन होतं, वारा होता, पायाखाली कोरडी माती, आणि शंभर हातांच्या अंतरात कापसाचा एक तंतू नव्हता. गोदामाच्या दाराशी तेलघाणीचे बैल बांधलेले दिसत होते. उघड्यावर काडी म्हणजे नुसती काडी. तरी त्याने पेटी उघडली. पहिल्या काडीचं गूल ओढताच भुगा होऊन पडलं. दुसरीचंही. मागे गाडीवानाने बैलांना हाळी दिली. तिसरी काडी फरफरली, आणि पेटली.

काकासाहेबाने खिशातून बिडी काढून ओठांत धरली होती. तो पुढे वाकला. आणि वाऱ्याने ज्योत झुकली तशी उत्तमचंदचा डावा हात आपोआप वर आला आणि त्याने ज्योतीला आडोसा धरला. बिडी पेटली. काकासाहेबाने एक झुरका घेतला, धूर बाजूला सोडला, अदबीने मान हलवली आणि पेटीकडे बोट दाखवत म्हणाला, "ही माझीच ना? ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

गाड्या हलल्या. चाकं दगडावरून खाली उतरल्याचा आवाज झाला, कोंबड्या कलकलल्या, मदारने कोणाला तरी मागे बघू नको म्हणून दटावलं. काडी जळत उत्तमचंदच्या बोटांपर्यंत आली, कातडी चरचरली, तरी त्याने ती टाकली नाही. तो मान खाली घालून जमीन बघत होता. टाकायची त्या जागी मुंगी वगैरे काही नाही ना, ते बघत होता.